कट्टा, टोळकं आणि कॅमेरा: सोसायटीत सीसीटीव्ही लावण्याआधी आणि लावल्यानंतर काय करावं

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये २०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री पाच दुचाक्यांच्या सीट कुणीतरी ब्लेडने फाडल्या. मी तेव्हा सेक्रेटरी होते. साडेनऊला गाडी लावून वर गेलेल्या माणसाची सीट धड होती आणि दहाला खाली उतरलेल्याला फोम बाहेर आलेला दिसला. म्हणजे प्रकार त्या अर्ध्या तासातला. कमिटीतल्या एकाने डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, उघडला. पडद्यावर ९ वाजून ५२ मिनिटांनी लाल टी-शर्टातला, पाठीवर दप्तर अडकवलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा गाड्यांमधून वाट काढत जाताना दिसला. दहा मिनिटांत ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर आली आणि अकराच्या आत कुणीतरी खाली लिहिलं की हा तर आपल्या मावशींचा मुलगा. मावशी म्हणजे आमच्याकडे चार घरी कामाला येणाऱ्या बाई.

तिसऱ्या दिवशी जुनं फुटेज चाळताना माझ्या लक्षात आलं की रात्रपाळीचा वॉचमन रोज आठच्या ठोक्याला येतो आणि पडद्यावर मात्र तो ८ वाजून ४७ मिनिटांनी गेटमधून आत शिरतो. डीव्हीआरचं घड्याळ ४७ मिनिटं पुढे होतं. तो मुलगा खरं तर ९ वाजून ५ मिनिटांनी, क्लास सुटल्यावर आईला न्यायला आला होता. मग आम्ही पडद्यावरच्या सव्वादहा ते पावणेअकराच्या वेळेतलं फुटेज बघितलं. १०:३१ ला दोघं दिसले, आमच्याच बिल्डिंगमधले. तोवर मावशींनी चारही घरचं काम सोडलं होतं. मी त्यांच्या घरी माफी मागायला गेले. त्यांनी चहा दिला, बोलल्या, पण परत आल्या नाहीत.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. कायदा वाचला, कॅमेरा बसवणाऱ्यांशी भांडले, पोलीस चौकीत अनेक दुपारी बसले. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. गल्लीतल्या, सोसायटीतल्या पोरांचा उपद्रव सुरू झाला की सगळ्यात आधी कॅमेऱ्याचं कोटेशन मागवलं जातं. माझ्या मते ते पाचवं काम आहे. आणि ते करायचंच असेल, तर फुटेज कुणाच्या हातात राहणार हे आधी ठरलं पाहिजे.

पायरी १: दोन आठवडे वही ठेवा

वॉचमनच्या टेबलावर एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, नेमकी जागा, काय झालं, कुणाला त्रास झाला, एवढेच रकाने पुरेत. नावं लिहायची नाहीत. चौदा दिवसांनी कमिटीने ती वही एकत्र बसून वाचायची.

आमच्या वहीत एकूण एकतीस नोंदी झाल्या. त्यातल्या वीस 'मुलं कट्ट्यावर बसून मोठ्याने हसत होती' अशा होत्या. सात नोंदी दारूच्या बाटल्या, फुटलेली ट्यूबलाइट, लिफ्टमध्ये थुंकणं अशा होत्या. उरलेल्या चार मात्र गंभीर होत्या, त्यात एका मुलीच्या मागे गेटपर्यंत येण्याचा प्रकार दोनदा. सर्वसाधारण सभेत या सगळ्याला एकच शब्द वापरला जात होता, 'टवाळखोरी'. पण तिन्हींवर उपाय वेगळा आहे. हसणं-बसणं हा गुन्हा नाही, तिथे बोलूनच मार्ग काढावा लागतो. नासधूस असेल तर जागेत बदल करावा लागतो आणि भरपाईचं बघावं लागतं. छेडछाड, हत्यार, नशेचे पदार्थ यांसाठी वही पुरी होण्याची वाट बघू नका, त्याच मिनिटाला ११२ ला फोन करा. अंगावर येण्याचा किंवा पाठलागाचा प्रकार असेल तर त्या मुलीच्या आणि तिच्या घरच्यांच्या संमतीने लेखी तक्रार द्या. तो विषय सभेत चघळू नका.

पायरी २: जागा बघा, दिवसा आणि रात्री

वहीत ज्या जागा पुन्हा पुन्हा आल्या असतील तिथे रात्री साडेनऊला जाऊन उभे राहा. आमच्याकडे जवळजवळ सगळं एकाच कोपऱ्यात होत होतं: मागचं गेट, बंद पडलेला पंप हाऊस आणि त्याच्या आडोशाचा कट्टा. तिथला दिवा आठ महिने बंद होता. आम्ही दिवा लावला, पंप हाऊसचा आडोसा पाडला आणि मागचं गेट रात्री दहाला बंद करायला लागलो. बाटल्या त्याच महिन्यात दिसेनाशा झाल्या. त्या कोपऱ्यात कॅमेरा तोवर लागलेलाही नव्हता. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या विद्युत विभागाकडे खांबाच्या नंबरासह तक्रार द्या. नंबर दिला की काम लवकर होतं, हा माझा अनुभव.

आजूबाजूच्या टपऱ्याही बघा. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू किंवा सिगारेट विकणं गुन्हा आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला मनाई आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पोरांच्या नावाने ओरडताना त्यांना हे विकणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या तक्रारीत ते नाव आधी घाला.

आणि एक प्रश्न कमिटीने स्वतःला विचारावा: या मुलांनी बसायचं कुठे? आमच्या बागेत 'खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी होती, क्लबहाऊसला कुलूप होतं आणि गच्चीचं दार बंद होतं. म्हणून पंप हाऊस.

पायरी ३: मुलांशी बोला

हे काम सगळेजण टाळतात. पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

जाताना दोघांनीच जायचं, घोळक्याने नाही. त्यातला एक जण मुलांच्या ओळखीचा हवा. क्रिकेट शिकवणारा दादा, गणपती मंडळातला कार्यकर्ता, एखादी ताई, असं कुणीही. वेळ संध्याकाळची, भांडण झाल्याच्या रात्रीची नाही. बोलताना मोबाइल खिशात. शूटिंग सुरू केलंत तर बोलणं तिथेच संपलं. 'तुमच्या बापाला सांगू का' इथून सुरुवात करू नका. काय घडलं आणि कुणाला त्रास झाला ते नेमकं सांगा. 'दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं ऑपरेशन झालंय, रात्री अकराला त्यांना आवाज सहन होत नाही' हे वाक्य पोरांना कळतं. 'सोसायटीचं वातावरण बिघडतंय' हे कळत नाही.

आमच्याकडे नऊ मुलांपैकी सहा आमच्याच तीन बिल्डिंगमधली निघाली. क्लबहाऊस रात्री साडेनऊपर्यंत उघडं ठेवायचं, कॅरम आणि चावी मुलांच्या ताब्यात, तुटलं तर त्यांनीच सांगायचं, असं ठरलं. दोनदा वाद झाला, एकदा चावी आठवडाभर काढून घेतली. तरी पुढच्या वहीतल्या नोंदी एकतीसवरून नऊवर आल्या.

एखादं मूल घरी मार खातंय, शाळा सुटलीय किंवा नशेत अडकलंय असं दिसलं तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. तो फोन तक्रारीसाठी नसून त्या मुलाला मदत मिळावी म्हणून आहे.

पायरी ४: कॅमेऱ्याकडून काय मिळेल ते आधी समजून घ्या

पुण्यात २०२२ च्या अखेरीपासून कोयते घेऊन गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या सुरू झाल्या आणि सोसायट्यांनी धडाधड कॅमेरे घेतले. ती भीती खोटी नव्हती. पण कॅमेऱ्याने नेमकं काय साधतं, यावर जगभरात चाळीस वर्षांचं संशोधन आहे. २०१९ मध्ये त्या सगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले, तेही मुख्यतः वाहनतळांवर, गाड्यांच्या आणि मालमत्तेच्या बाबतीत. हाणामारी आणि हुल्लडबाजीवर ठळक परिणाम दिसला नाही. जिथे कुणीतरी पडद्यासमोर बसून प्रत्यक्ष लक्ष ठेवतं आणि जिथे दिवे, गस्त अशी जोड असते तिथे परिणाम जास्त होता.

सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर पार्किंगमधल्या चोरीला कॅमेरा उपयोगी आहे. कट्ट्यावरच्या गोंगाटाला जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याने टोळकं फार तर वीस फूट सरकतं, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर.

पायरी ५: लावायचाच असेल तर असा लावा

सर्वसाधारण सभेत ठराव करा. ठरावात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कॅमेरा कुठे आणि कशासाठी, फुटेज किती दिवस ठेवणार, ते बघण्याचा अधिकार कुणाला (दोनच नावं, दोन वेगळ्या बिल्डिंगमधली) आणि फुटेज पोलिसांशिवाय कुणालाही, ग्रुपवर तर नाहीच, दिलं जाणार नाही. हा चौथा मुद्दा आमच्या पहिल्या ठरावात नव्हता.

आता तांत्रिक भाग, जो बसवणारा तुम्हाला सांगत नाही. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायला चित्रात एका मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. म्हणजे चित्रात मावणारी रुंदी पावणेआठ मीटरपेक्षा जास्त झाली की चेहरा ओळखण्याजोगा राहत नाही. सगळीकडे सर्रास बसवतात त्या २.८ मिलिमीटर लेन्सला ही रुंदी अवघ्या तीन-साडेतीन मीटरवर येते. ६ मिलिमीटर लेन्सला आठ मीटरच्या आसपास. आमचा जुना कॅमेरा २.८ चा होता आणि गाड्या बारा मीटरवर. लाल टी-शर्ट दिसत होता, चेहरा म्हणजे नुसता डाग. तरी लोकांनी 'ओळखलं'.

म्हणून गेटवर, जिथून प्रत्येकाला जावंच लागतं, तिथे ६ मिलिमीटरचा कॅमेरा साधारण अडीच-तीन मीटर उंचीवर लावा. पहिल्या मजल्याच्या उंचीवरून फक्त टोप्या दिसतात. पार्किंगमधला रुंद कॅमेरा काय झालं हे दाखवेल, गेटवरचा कोण होतं ते. बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी एक चाचणी करा: कमिटीबाहेरच्या कुणाला तरी रात्री तिथून चालायला सांगा आणि चित्र बघून ते कोण हे तिसऱ्या माणसाला विचारा. त्याला ओळखता आलं नाही तर बिल देऊ नका. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि जाळ्यामुळे सगळं चित्र पांढरं होतं. महिन्यातून एकदा केरसुणी फिरवायला माणूस ठरवा.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण दोन एमबीपीएसने (सेकंदाला दोन मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला २१-२२ जीबी लागतात. चार कॅमेरे, तीस दिवस म्हणजे सुमारे २.६ टीबी. बसवणारा एक टीबीची हार्डडिस्क लावून जातो आणि अकरा-बारा दिवसांत जुनं फुटेज पुसलं जाऊ लागतं. तीस दिवस पुरेत, त्याहून जास्त ठेवण्याचा हव्यास नको.

घड्याळ डीव्हीआरच्या सेटिंगमधून इंटरनेटच्या वेळेशी जोडा. इंटरनेट नसेल तर दर महिन्याच्या १ तारखेला मोबाइलशी ताडून बघा आणि वहीत सही करा. मी हे काम अजून स्वतः करते.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीखोलीची दृश्यं इंटरनेटवर विक्रीला आल्याचं उघड झालं. कॅमेऱ्याच्या यंत्रणेला कुणालाही अंदाज बांधता येईल असा पासवर्ड होता आणि त्या प्रकरणात लातूर, सांगलीतूनही अटक झाली. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी बंधनकारक आहे. घेताना ते प्रमाणपत्र मागा.

कुणाच्या खिडकीत, दारात, बाथरूमच्या झरोक्याकडे कॅमेरा जाता कामा नये. बहुतेक यंत्रांत चित्राचा तेवढा भाग काळा करण्याची सोय असते, ती वापरा. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. अंधुक चित्रावर यंत्रही माणसांसारखंच चुकतं, आणि यंत्राने सांगितलं म्हटलं की त्याच्याशी वाद घालायला कुणी उभं राहत नाही. आणि कॅमेऱ्याखाली मराठीत ठळक पाटी लावा: कॅमेरा सुरू आहे, कशासाठी आहे, चौकशी कुणाकडे करायची.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई केलीय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. कट्ट्यावरची मुलं रोज कितीला येतात, कोण कुणाबरोबर बसतं, हे बघायला कॅमेरा वापरायची सवय आत्ताच सोडलेली बरी.

पायरी ६: काही घडलं तर पहिल्या तासात

फुटेज बघण्याआधी मोबाइल हातात घ्या आणि डीव्हीआरच्या पडद्याचा असा फोटो काढा की मोबाइलची वेळ आणि यंत्राची वेळ एकाच चौकटीत दिसेल. मग घटनेच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास धरून फुटेज पेनड्राइव्हवर यंत्राच्या मूळ फॉरमॅटमध्ये काढा. पडद्याचं मोबाइलने केलेलं शूटिंग पुरावा म्हणून कमकुवत पडतं. कुणी, कधी, कुठल्या यंत्रातून काढलं ते लिहून दोघांनी सह्या करा.

न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा, एक फ्रेम बदलली तरी तो बदलतो. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं आहे ते २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालना विधानसभेच्या निवडणुकीच्या खटल्यात स्पष्ट केलं. तिथेही वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणाचाच होता. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच दिलेला आहे आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, तेव्हा तपास अधिकाऱ्याला विचारूनच पुढे जा.

घटना रस्त्यावर घडली असेल तर चौकातल्या पोलिसांच्या कॅमेऱ्यांचं फुटेज तुम्हाला थेट मिळणार नाही. लेखी तक्रारीतच एक ओळ घाला: 'अमुक चौकातील अमुक वेळेचे चित्रण जतन करावे ही विनंती.' पोच घ्या. ही ओळ पहिल्या दिवशी गेली पाहिजे, कारण तिथलंही फुटेज ठरावीक दिवसांनी पुसलं जातं.

पायरी ७: चित्रातलं मूल १८ च्या आतलं असेल तर

इथे अर्ध्या सोसायट्या स्वतःच गुन्हा करून बसतात.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त बालकाचं, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा मुलाचं, नाव, पत्ता, शाळा, चित्र, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे घरातली गोष्ट, हा भ्रम सोडा. दोनशे लोकांचा ग्रुप आहे आणि क्लिप तिथून दहा मिनिटांत शाळेत पोहोचते.

मुलाला वॉचमनच्या केबिनमध्ये डांबू नका, कान धरून सोसायटीभर फिरवू नका, हात उगारू नका. तसं केलंत तर तक्रारदाराचे तुम्ही आरोपी व्हाल. आईवडिलांना बोलवा. प्रकरण किरकोळ असेल तर भरपाई आणि समज यावर मिटवता येतं. आम्ही सीटच्या प्रकरणात तेच केलं: दोघांच्या पालकांनी पाचही सीटचे पैसे दिले आणि मुलांनी पाचही घरी जाऊन स्वतः सांगितलं.

पोलिसांकडे जायचं असेल तर ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला भेटायचंय असं सांगा. प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमलेला असायला हवा. नियमांनुसार गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढ सामील नसेल तर मुलावर एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. ताब्यात घेतलंच तर २४ तासांत मंडळासमोर न्यावं लागतं, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. मंडळ समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड असे आदेश देऊ शकतं. 'पोलीस काहीच करत नाहीत' असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हीच प्रक्रिया चाललेली असते, आपल्याला ती माहीत नसते.

टोळक्यात एखादा एकोणीस-वीस वर्षांचा असतोच. त्याला ही सवलत नाही, आणि मुलांना पुढे करणारा बहुधा तोच असतो. तक्रारीत त्याची भूमिका वेगळी, नेमकी लिहा.

अल्पवयीन मुलं गाड्या उडवत असतील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली जबाबदारी पालकाची किंवा गाडीमालकाची आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, वर्षभर नोंदणी रद्द. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन जीव गेले, तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाने आधी कुठे काय घेतलं ते बारच्या सीसीटीव्हीतून पुढे आलं. पण त्याला गाडी मिळाली आणि दारू मिळाली तेव्हा समोर मोठी माणसंच होती. पार्किंगमध्ये ही सूचना लावताना पालकांच्या नावे लावा.

पायरी ८: तीन महिन्यांनी पुन्हा वही

तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा दोन आठवडे ठेवा. ज्या कॅमेऱ्याचं फुटेज या काळात एकदाही लागलं नाही, तो तिथे कशासाठी आहे हे सभेत विचारा. आमचे सात होते, आता पाच आहेत. कट्ट्याकडे रोखलेला काढला, त्याची लेन्स बदलून तो मागच्या गेटवर लावला. उघड्या राहिलेल्या वायरला मुलांनीच टेप गुंडाळली आणि त्या खिळ्यावर आता क्लबहाऊसची चावी लटकते.